वही कोणाच्या हाती?

(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा थोडा संस्कारित मजकूर)

शिबिराच्या संयोजकांनी मला 'कार्यकर्त्यांचे प्रबोधन' हा विषय दिला होता. त्यांची क्षमा मागून मी तो थोडा आखूड करून घेतला आहे. प्रबोधन म्हटले की एक बोलणारा आणि बाकीचे ऐकणारे असे चित्र आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. हे चित्र उभे करण्यात माझ्यासारख्या प्राध्यापकांचा वाटा मोठा आहे. मी आज बोलणार आहे ते याच्या उलट बाजूविषयी. कामगार आपल्या कामासंबंधी एकत्र बसून एकमेकांना जे सांगतात, ते सांगणे कसे घडवून आणावे आणि त्यातून जे ज्ञान हाती येते त्याचे पुढे काय व्हावे, एवढाच माझा विषय आहे. यातला पहिला प्रश्न रीतीचा आहे आणि दुसरा मालकीचा. पहिल्याचे उत्तर पुष्कळ लोक देतात. दुसरा बहुधा कोणी विचारीतच नाही. मीही तो वेळेवर विचारला नाही, आणि त्याची किंमत दुसऱ्या कोणाला तरी द्यावी लागली. म्हणून आधी तीच हकिगत सांगतो.

1988 साली मी नुकताच अधिव्याख्याता झालो होतो. एका फाउंड्रीतील कामगार संघटनेने रविवारी सकाळी अभ्यासवर्ग चालवण्यास मला बोलावले. मी मोठ्या उत्साहाने वरकड मूल्याचा सिद्धांत खडू-फळ्यावर शिकवू लागलो. पहिल्या रविवारी तीसेक माणसे होती. सहाव्या रविवारी सात उरली. त्या सातांपैकी एक वयस्कर मोल्डर वर्ग संपल्यावर मला म्हणाले, "सर, तुम्ही सांगता ते खरंच असेल. पण सहा रविवार झाले, आम्ही काय काम करतो ते तुम्ही एकदाही विचारलं नाहीत."

पुढच्या रविवारी मी फळा पुसून टाकला आणि विचारले. त्या दिवसांत दुसऱ्या पाळीतील बरेच कास्टिंग आतून पोकळ निघत असल्यामुळे नापास होत होते आणि त्याचा ठपका मोल्डरांवर येत होता. साच्याच्या वाळूत पाणी जास्त झाले की तप्त रस ओतताच त्याची वाफ होते आणि ती वाट न मिळाल्यामुळे धातूत पोकळी करते, हे त्यांनी मला समजावून दिले. वाळू मुठीत दाबून, तिचा गोळा मोडून, ओल बरोबर आहे की नाही हे हाताने ओळखण्याची त्यांची रीत होती. त्या दिवशी बोलता बोलता असे निघाले की संध्याकाळनंतर वाळू मिसळणाऱ्यांना पाण्याचे माप राहत नव्हते, कारण मापाची टाकी बिघडली होती आणि ते नळीने अंदाजाने पाणी सोडीत होते. मोल्डरांना टाकीचे ठाऊक नव्हते, वाळू मिसळणाऱ्यांना नापास मालाचा आकडा ठाऊक नव्हता, आणि रस ओतणाऱ्यांनी साच्यातून निघणारी जादा वाफ पाहिली होती, परंतु त्यांना कोणी विचारले नव्हते. तीन ठिकाणी पडलेले तीन तुकडे दोन तासांत एकत्र आले. पुढील रविवारी पुन्हा पंचवीस माणसे आली.

आता माझी चूक सांगतो. त्या बैठकांत जे जे निघाले ते मी एका वहीत सुवाच्य अक्षरात उतरून घेतले होते. त्यात टाकीची हकिगत होती. तिच्याबरोबर आणखीही एक गोष्ट होती : वाळू मिसळणारे दोघे जण आपसांत काम अशा खुबीने वाटून घेत की पाळी सुटण्याच्या तासभर आधी त्यांचे काम उरके. ही युक्ती त्यांनी मोठ्या कौतुकाने सांगितली होती. कामगारांचे शहाणपण वरिष्ठांना कळावे, ठपका दूर व्हावा, अशा सद्हेतूने मी वहीची एक प्रत तेथील ओळखीच्या अधिकाऱ्याला दिली. टाकी आठवड्यात दुरुस्त झाली. दोन महिन्यांत त्या दोघांपैकी एकाची जागा 'जादा' ठरली. तो तात्पुरता कामगार होता, त्याला काढून टाकण्यासाठी फार कागद लागले नाहीत. मला तो एका शब्दानेही बोलला नाही. बाकीचेही बोलले नाहीत. पण त्यानंतरच्या रविवारी मी एकटाच बसलो होतो.

मित्रहो, या प्रसंगाचा अर्थ लावण्यासाठी मला माझ्याच विषयाकडे पुन्हा जावे लागले. फ्रेडरिक टेलर यांचे 'शास्त्रीय व्यवस्थापनाची तत्त्वे' हे पुस्तक 1911 साली प्रसिद्ध झाले. टेलर यांना आपण घड्याळ लावून कामगारांना राबवणारे गृहस्थ म्हणून ओळखतो. वस्तुतः त्यांचे निदान फार खोल होते. कारखान्यातील ज्ञानाचा मोठा साठा कामगारांच्या हातात आणि डोक्यात असतो, मालकाला तो ठाऊक नसतो, आणि जोवर तो तेथे आहे तोवर कामाचा वेग कामगारच ठरवणार, हे त्यांनी स्वच्छ ओळखले होते. म्हणून ते ज्ञान गोळा करावे, त्याचे नियम आणि कोष्टके करावीत आणि ती व्यवस्थापकांच्या कचेरीत ठेवावीत, असा त्यांचा कार्यक्रम होता. बेथलेहेम पोलाद कारखान्यातील उदाहरण त्यांनी स्वतःच दिले आहे. कच्च्या लोखंडाचे ठोकळे वाहणारा मजूर दिवसाला साडेबारा टन वाहत असे, तो 47 टन वाहू लागला आणि त्याची मजुरी 1.15 डॉलरवरून 1.85 डॉलर झाली. टेलर यांच्याच हिशेबाने काम पावणेचार पट झाले आणि मजुरी सुमारे 60 टक्क्यांनी वाढली. या दोहोंमधील अंतर कोणाच्या खिशात गेले, हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

टेलर यांनी ज्ञान घड्याळ लावून काढून घेतले. पुढच्या काळात ते गोड बोलून काढून घेण्याची पद्धत आली. जपानात 1962 पासून 'गुणवत्ता मंडळे' सुरू झाली. आपल्याकडे ती 1980 च्या सुमारास आली. आठ-दहा कामगारांनी आठवड्यातून एकदा बसावे, कामातील अडचणी काढाव्यात, उपाय सुचवावेत, असा त्यांचा आराखडा होता. ही सारी फसवणूक होती, असे मी म्हणणार नाही. कित्येक कामगारांना आपले कोणी ऐकते आहे याचा पहिला अनुभव तेथेच आला. परंतु विषय कोणते घ्यायचे हे वरून ठरत असे, पगार आणि कामाचा बोजा हे विषय चौकटीबाहेर असत, आणि सूचनेतून जी बचत होई तिच्यातला वाटा मागण्याचा हक्क कामगाराला नसे. वाटा म्हणून हाती पडे ते प्रशस्तिपत्र.

सरकारी मार्गानेही हा प्रयोग होऊन गेला आहे. औद्योगिक विवाद कायदा 1947 चा. 100 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींची कार्य समिती स्थापण्याची तरतूद त्यात होती. 1975 च्या ऑक्टोबरात व्यवस्थापनातील सहभागाची योजना जाहीर झाली आणि 1976 साली 42 व्या घटनादुरुस्तीने कलम 43-अ आले. तारखा आपण विसरू नयेत. हा सहभाग आणीबाणीत बहाल झाला. त्याच 1975 साली वटहुकूम काढून किमान बोनस 8.33 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर आणला गेला होता आणि कामगारांचे कित्येक नेते तुरुंगात होते. संप करण्याची सोय नसलेल्या माणसाला सल्ला देण्यासाठी खुर्ची दिली होती. अशा खुर्चीवर बसून कोणी मोकळे बोलत नाही.

तेव्हा बोलणे घडवून आणायचे तर ते कोणाच्या आश्रयाने, हा प्रश्न टाळता येत नाही. याचे मला ठाऊक असलेले सर्वांत चांगले उत्तर इटलीतील ट्युरिन शहराने दिले. 1960 च्या दशकात तेथील फियाट मोटारींच्या मिराफिओरी कारखान्यातील कामगार, त्यांची धातुकामगार संघटना आणि इव्हार ओद्दोने नावाचे एक डॉक्टर यांनी मिळून हे काम उभे केले. ओद्दोने तरुणपणी फॅसिस्टांविरुद्धच्या सशस्त्र प्रतिकारात होते. त्या वेळी धोक्याच्या कामासाठी जादा भत्ता मागणे ही संघटनांची नेहमीची रीत होती. ट्युरिनच्या कामगारांनी ती मोडली. 'आरोग्य विकाऊ नाही' ही त्यांची घोषणा झाली. पण भत्ता नको, काम बदला, असे म्हणायचे तर कामात नेमके काय आणि कोठे बिघडले आहे हे सांगता आले पाहिजे. त्यासाठी त्यांनी तीन नियम केले.

पहिला नियम असा की, एकाच ठिकाणी, एकाच प्रकारचे काम करणाऱ्या आणि एकच धोका अंगावर घेणाऱ्यांनी एकत्र बसावे. दुसरा, आपल्या आरोग्याचा निवाडा डॉक्टर, तज्ज्ञ किंवा संघटनेचा पदाधिकारी यांपैकी कोणावरही सोपवू नये. तज्ज्ञाला बोलवावे, विचारावे, पण निर्णय गटाचा असावा. तिसरा, एकाचे मत ही गटाची माहिती मानू नये. ज्यावर सर्वांची अनुभवाने संमती होईल तेच नोंदीत जावे. या बैठकांतून त्यांनी धोक्याचे चार वर्ग केले : उजेड, आवाज, उष्णता असे घरातही असणारे घटक, धूळ, वायू, वाफा असे कामाच्या जागीच असणारे, शरीराचे कष्ट, आणि चौथा, यंत्राचा वेग, तोचतोचपणा, सततची धास्ती असा मनाला शिणवणारा. कारखान्याच्या नकाशावर या खुणा करून धोक्याचे नकाशे तयार झाले. याच सुमारास, 1970 च्या श्रमिकविषयक कायद्यातील नवव्या कलमाने, आपल्या प्रतिनिधींमार्फत सुरक्षिततेची तपासणी करण्याचा हक्क इटलीच्या कामगारांना मिळाला. 1973 च्या करारात धातुकामगारांनी तीन वर्षांत 150 तास भरपगारी अभ्यासासाठी मिळवले. अभ्यास हा पगाराच्या वेळेतला हक्क आहे, ही मागणी आपल्या मागणीपत्रकात मी अजून पाहिलेली नाही.

ओद्दोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे विचारण्याची एक नामी युक्ती काढली. 'तुमच्या अडचणी काय?' असे विचारले की माणूस ठरावीक उत्तरे देतो. म्हणून ते कामगाराला म्हणत : उद्या हुबेहूब तुझ्यासारखा दिसणारा माणूस तुझ्या जागी कामाला जाणार आहे. कोणालाही संशय येता कामा नये. तर त्याने दारातून आत शिरल्यापासून काय करावे, कोणाशी कसे बोलावे, कोठे जपावे, ते त्याला सांग. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिल्याची कथा आपल्याला ठाऊक आहे. तसाच हा तोतया, फक्त तो आपणच उभा करायचा. तोतयाला सूचना देऊ लागला की माणूस अशा गोष्टी बोलू लागतो ज्या आपल्याला येतात हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसते : अमुक यंत्राचा आवाज बदलला की हात काढून घे, अमुक मुकादमासमोर घाई दाखव, तमुक व्हॉल्व्ह घट्ट बसला असे वाटले तरी विश्वास ठेवू नको. ही रीत मी नंतर पुष्कळ ठिकाणी वापरली आहे. गप्प बसणारा माणूस या प्रश्नाला हटकून बोलता होतो.

असे बोलणे झाले नाही, किंवा झालेले कोणी ऐकले नाही, तर काय होते याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात डिसेंबर 1981 मध्ये फॉस्जीन वायूने एका कामगाराचा बळी घेतला. 1982 साली कामगारांच्या संघटनेने धोक्याचा इशारा देणारी भित्तिपत्रके लावली. पत्रकार राजकुमार केसवानी यांनी त्याच वर्षी लिहून सावध केले. याउलट खर्च वाचवण्यासाठी मिथिल आयसोसायनेट विभागातील एका पाळीची माणसे बारांवरून सहांवर आणली गेली होती आणि शीतकरण यंत्रणा बंद ठेवली होती. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री साडेअकराच्या सुमारास कामगारांचे डोळे चुरचुरू लागले. गळती ओळखण्याचे तेच त्यांचे साधन होते. त्यांनी ते वर सांगितलेही. चहाच्या सुट्टीनंतर पाहू, असे ठरले. पुढचे मी सांगत नाही. वृत्तपत्रांनी नंतर केलेल्या चौकशीत हे सारे बाहेर आले. कारखाना अधिनियमात 1987 साली दुरुस्ती झाली. धोकादायक उद्योगांत कामगारांच्या समसमान सहभागाची सुरक्षा समिती आणि धोक्याचा इशारा देण्याचा कामगाराचा हक्क त्यात आला. ज्ञान भोपाळमध्ये होते, त्याला अधिकार नव्हता.

आता दोन आक्षेपांचा विचार करू.

पहिला आक्षेप असा की कामगाराचा अनुभव नेहमी खरा असतो असे कोठे आहे? आक्षेप रास्त आहे. मी ज्या फाउंड्रीची गोष्ट सांगितली तेथे वाळूच्या धुळीविषयी एकही माणूस तक्रार करीत नव्हता. सिलिकाचा सर्वांत घातक कण डोळ्यांना दिसत नाही आणि फुप्फुसांवरचा परिणाम बहुधा कित्येक वर्षांनी प्रकट होतो. म्हणजे रोजच्या अनुभवाला तो धोका कळण्याचा मार्गच नाही. तेथे डॉक्टरांची, मापनयंत्राची आणि पुस्तकाची गरज आहे. फक्त त्या ज्ञानाने बैठकीत पाहुण्यासारखे यावे, यजमानासारखे येऊ नये.

दुसरा आक्षेप आपल्यालाच अधिक बोचणारा आहे. ज्ञान दडपणारा केवळ मालक नसतो. 1928 च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दाखवून दिले की विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेशच नव्हता. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे म्हणून विटाळ, आणि म्हणून चांगल्या पगाराच्या कामाचे दार बंद. लाल बावट्याखाली एकत्र आलेले कामगारही हे चालवून घेत होते. आजही कायम कामगार कंत्राटी पोराला खुबी शिकवीत नाही, कारण उद्या तोच आपली जागा घेईल अशी त्याला भीती वाटते. ही भीती खोटी नाही. पण तिच्यावरचा उपाय खुबी लपवण्यात सापडणार नाही. दोघांना एका बैठकीत आणि एका मागणीपत्रकात घेतल्याशिवाय दोघांचेही ज्ञान मालकाला स्वस्तात मिळत राहील.

याच मातीतले एक आशादायक उदाहरण सांगतो. 1990 साली पुण्यात एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागाने कचरा वेचणाऱ्या स्त्रियांमध्ये काम सुरू केले. त्या स्त्रियांशी बोलण्यातून एक साधी गोष्ट पुढे आली : कचरा कुंडीत पडण्याआधी घराच्या दारातच वेगळा केलेला मिळाला, तर कमी तासांत जास्त कमाई होते आणि हात घाणीत घालावा लागत नाही. 1993 साली डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. ओळखपत्राची आणि हक्काच्या कामाची लढाई तिने लढवली. 2008 मध्ये 'स्वच्छ' ही या स्त्रियांची सहकारी संस्था महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. येथे बोलणे त्यांचे, संघटना त्यांची आणि करारही त्यांचा. माझ्या फाउंड्रीत यातली पहिलीच गोष्ट होती.

शेवटी, कार्यकर्त्यांनी बैठक कशी चालवावी याविषयी माझा अनुभव थोडक्यात सांगतो.

बैठकीत आठ ते बारा माणसे असावीत. एकाच कामाची, कायम आणि कंत्राटी एकत्र. वरिष्ठांना खबर देणारा कोणी नसावा. वेळ स्त्रियांना विचारून ठरवावी. पाळी सुटल्यावरची वेळ ठरवली की त्या आपोआप वगळल्या जातात, आणि मग आपणच म्हणतो की बायका पुढे येत नाहीत. बैठक चालवणाऱ्याने विचारावे आणि थांबावे. शांतता पसरली की ती भरून काढण्याचा मोह आम्हां प्राध्यापकांना फार होतो. तो आवरावा. जो सर्वांत नवा असेल त्याला आधी बोलू द्यावे. संघटनेच्या अध्यक्षांनी सर्वांत शेवटी बोलावे, कारण त्यांनी आधी मत दिले की बाकीचे फक्त माना डोलावतात. मतभेद झाला तर हात वर करून तो मिटवू नये. दोन्ही बाजू लिहाव्यात आणि पुढच्या वेळेपर्यंत प्रत्येकाने आपल्या जागी पाहून यावे.

नोंद बोलणाऱ्याच्या शब्दांत व्हावी. बैठक संपण्यापूर्वी ती मोठ्याने वाचावी आणि ज्याला जे खोडायचे असेल ते त्याने खोडावे. वहीचे दोन भाग असावेत : एक बाहेर न्यायचा, दुसरा आत ठेवायचा. धोक्याची गोष्ट लगेच बाहेर गेली पाहिजे. तेथे विलंब नको, सौदाही नको. उत्पादन वाढवणारी गोष्टही बाहेर जाऊ द्यावी, आपण उत्पादनाचे शत्रू नाही. मात्र ती संघटनेमार्फत, लेखी कराराने जावी : यामुळे कोणाची जागा जाणार नाही, कामाचे प्रमाण एकतर्फी वाढणार नाही, आणि होणाऱ्या बचतीत आमचा ठरावीक वाटा राहील. हे मान्य नसेल तर ती खुबी वहीतच राहू द्यावी.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता अंमलात आल्या आहेत. त्यांच्यावरील आपले आक्षेप या शिबिरात इतर वक्ते मांडणारच आहेत. मी एवढेच म्हणेन की कार्य समिती नव्या संहितेतही आहे, आणि 20 किंवा अधिक कामगार असतील तेथे तक्रार निवारण समितीही आहे. कागदावरच्या या खुर्च्या आपण रिकाम्या सोडू नयेत. पण समितीत बसणाऱ्या आपल्या माणसाच्या पाठीशी आधी झालेली बैठक आणि भरलेली वही असली पाहिजे. एरवी तो तेथे चहा पिऊन परत येईल.

1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. तेथून निघालेल्या अर्जात रविवारची सुट्टी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती अशा अगदी मोजक्या, हातात धरता येतील अशा मागण्या होत्या. दुपारचा अर्धा तास म्हणजे काय, हे सकाळपासून मागावर उभ्या असलेल्या माणसालाच ठाऊक असते. रविवारची सुट्टी 1890 साली मिळाली. आपली चळवळ अशा बोलण्यातून सुरू झाली होती.

ती 1988 ची वही अजून माझ्या कपाटात आहे. तिच्यात तेवीस कामगारांचे बोलणे माझ्या अक्षरात आहे आणि त्यांपैकी एकाचीही सही नाही. ती माझ्याकडे असायला नको होती. तुम्ही पुढच्या बैठकीला नवी वही घ्याल, तेव्हा ती कोणाच्या घरी राहणार हे पहिल्या पानावर लिहून मगच बोलायला सुरुवात करा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.